आवाज आला की पळायचं

मला पोरींचा सामना बसून पाहता येत नाही. खुर्ची दिली तरी मी उठतो. सावलीत उभं केलं तरी दोन मिनिटांत उन्हात गेलेला असतो. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या येरझारा चालू असतात, आणि बाकीचे पालक सतरंजीवर बसून डब्यातले पोहे निवांत खात असतात याचा मला मनापासून राग येतो. यांच्या पोरी खेळत नाहीत का? की यांना खरंच काही वाटत नाही? बायको एकदाच आली होती सामन्याला. घरी परतताना म्हणाली, "मी पोरीईले पाहाले आली होती, दिवसभर तुमालेच पाहून राहिली." त्यानंतर ती आली नाही.

माझ्या दोन्ही पोरी बेसबॉल खेळतात. थोरली त्या वर्षी अकरावीत होती, धाकटी आठवीत. आमचं वावर भातकुलीच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, पिकाला देता येत नाही. म्हणून पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, आणि मग जमिनीत जी ओल राहील तिच्यावर हरभरा. पोरींच्या शिक्षणासाठी अमरावतीत तीन खोल्या केल्या आणि मी मोटरसायकलवर रोज वावरात जाऊन-येऊन करू लागलो. अशा घरात बेसबॉल कुठून आला, असं लोकांना वाटतं. लग्नात, तेरवीत, कुठंही चार नातेवाईक भेटले की विचारतात, "पोरी काय खेळतात म्हणे?" मी सांगतो. ते म्हणतात, "म्हंजे किरकिटसारखंच?" मी म्हणतो, हो, तसंच. दर वेळी उभं राहून समजावून कोण सांगणार? आणि खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं माझीही समजूत तीच होती. चेंडू, दांडू, मारायचं, पळायचं. त्यात समजण्यासारखं काय आहे असं मला वाटायचं.

थोरलीच्या पायांचं श्रेय मात्र मी घेतो.

आमच्याकडे हरभऱ्याला सगळ्यात मोठा ताप रोह्यांचा. रोही म्हणजे नीलगाय. घोड्याएवढं जनावर. कोवळा हरभरा दिसला की कळपच्या कळप आत घुसतो आणि खातो त्याच्या दुप्पट तुडवतो. दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत, सुट्टी असली की पोरी माझ्याबरोबर वावरात राखणीला असायच्या. वावराच्या मधोमध मचाण, त्यावर मी. थोरली लांबच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हातात तेलाचा रिकामा पिपा आणि काठी. मला कळप दिसला की मी ओरडायचो, "पय!" आमच्याकडे पळ म्हणत नाहीत, पय म्हणतात, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघाला की शेजारच्या वावरातले बैलसुद्धा मान वर करायचे. तिला मी एकच नियम घालून दिला होता. आवाज आला की पाहायचं नाही, पळायचं. कुठं आहेत, किती आहेत, बाबा का ओरडले, काही विचार करायचा नाही. कारण तू पाहत उभी राहिलीस की तेवढ्या वेळात कळप आत आलेला असतो.

ती पाच-सहा वर्षांची असल्यापासून हे असं चाललं. शब्द कानावर पडला की पोरगी धुऱ्यावरून सुटलेली असायची, पिपा बडवत. एकदा घरी जेवताना मी गंमत म्हणून हळूच म्हटलं, "पय." ती हातातला घास ताटात ठेवून ताडकन उभी राहिली. मग तिला कळलं, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी तर दोन दिवस ती गोष्ट ज्याला त्याला सांगत होतो.

सातवीत असताना शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिला पळताना पाहिलं आणि थेट आमच्या खोलीवर आले. "ही पोट्टी मले द्या," म्हणाले. मी म्हटलं, कशाले? ते म्हणाले, बेसबॉलले. दोन वर्षांनी ताईच्या मागे धाकटीही गेली. मग घराचं रूपच पालटलं. दारामागे बॅट, खिडकीत उन्हाला टाकलेले ग्लोव्ज, मोरीत एका बादलीत माझ्या कपड्यांची काळी माती आणि दुसरीत पोरींच्या कपड्यांचा लाल मुरूम. संध्याकाळी वावरातून यायचं आणि हातपाय न धुता मैदानावर जायचं, हा माझा नेम झाला. तिथं माझं काही काम नसायचं. सर म्हणायचे, "भाऊ, बसा ना जराक." मी नाही बसायचो.

त्या वर्षी घरात एक गोष्ट ठरली होती, ती आधी सांगितली पाहिजे. थोरली दोनदा विभागापर्यंत पोचून परत आली होती. विभाग जिंकला तर संघ राज्य स्पर्धेला जातो, राज्यावर जातो म्हणतात, आणि तिथं तिला जायचं होतं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावरसुद्धा तेच लिहिलेलं असायचं. बायको म्हणाली, "या वर्षी राज्यावर गेली त खुशाल खेळ. नाई गेली त बारावीत खेळ बंद. मंग मले कोनी काई म्हणाचं नाई." थोरली म्हणाली, "चालते." मीही मान डोलावली. बायकोचं काही चूक नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मला या वेळी खात्रीच होती.

विभागाचा शेवटचा सामना अकोल्याला होता. ऑक्टोबरचं ऊन, आणि अकोल्याचं. धाकटीच्या वयोगटाचे सामने सकाळी आटोपले होते, ती बाकीच्या पोरींबरोबर मांडवात बसली होती. मी जाळीला चिकटून. शेवटचा डाव, आम्ही एका रननं मागे, आमची एक पोरगी आउट झालेली; तीन झाल्या की डाव संपतो. आणि थोरली तिसऱ्या बेसवर. बेसबॉलमध्ये तिसऱ्या बेसवरून घर गाठलं की एक रन होतो. घर म्हणजे जिथून चेंडू मारतात ती जागा, माझ्यापासून पंधरा पावलांवर. सर तिच्या अगदी जवळ, मैदानात उभे होते. ती एवढं आली की बरोबरी, मग पुढचं पुढं.

आमच्या पोरीनं चेंडू मारला. तो उंच गेला, लांब डावीकडे. तिकडची अकोल्याची पोरगी मागे मागे पळत होती आणि मला वाटलं, ही काही पोचत नाही. आणि पोचली तरी काय, चेंडू वर आहे तोवर पळून घ्यायचं, क्रिकेटमध्ये आम्ही पोरं असंच करायचो. मी विचार केला असं म्हणतो, पण विचार नंतरचा. आधी तोंड उघडलं होतं.

"पय!"

ती सुटली. वावरात सुटायची तशीच, मान खाली घालून. लांबच्या पोरीनं झेल घेतला, वळून चेंडू तिसऱ्या बेसवर फेकला, तिथल्या पोरीनं बेसवर पाय ठेवून तो घेतला. पंचानं मूठ वर केली. अकोल्याच्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून नाचू लागल्या. मारणारी आणि थोरली, दोघी एकदम आउट; सामना संपला होता. थोरली तिसरा बेस आणि घर यांच्या बरोबर मध्ये उभी होती आणि आपल्या बुटांकडे पाहत होती.

मला राग आला. कोणाचा, तर जिनं चेंडू मारला तिचा. येताना आम्ही सगळे एसटीनं आलो, आणि अकोला सोडल्यापासून माझी कटकट सुरू झाली. एवढं उचलून मारायची काय गरज होती? जमिनीवरून मारला असता तर? डोकं लावून खेळायला नको का? ती पोरगी माझ्यापुढे दोन सीट सोडून बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी बोलत होतो. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. थोरली खिडकीला डोकं लावून बसली होती. सर डोळे मिटून. कोणी मला गप्प बसा म्हटलं नाही.

मूर्तिजापूरला गाडी थांबली. मी पोरींसाठी आलुबोंडे घेतले. थोरली खाली उतरली नाही. धाकटीनं पुडी हातात घेतली, पण उघडली नाही.

"बाबा, तुमी काहून वरडले?"

"म्हंजे?"

"ताई थांबली होती. सर तिले थांब म्हणून राहिले होते. तुमी पय म्हटलं."

"मंग काय म्हणाव? चेंडू वर होता ना!"

"झेल झाला तरी चालते, बाबा! तवाच त पयाचं असते!" एवढं बोलून तिचे डोळे भरून आले आणि पुडी माझ्या हातात कोंबून ती गाडीत चढली.

सर चहाच्या टपरीवर होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि समोरच्या बाकड्यावर बशी पालथी ठेवली. हे घर. मग पुडक्यातून तीन बिस्किटं काढून मांडली. हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा.

"चेंडू वर गेला का बेस सोडाचा नाई. पाय ठेवून थांबाचं. झेल झाला का तठून सुटाचं. झेलानं मारणारी आउट होते, आपली नाई होत. अन् ते झेल घेणारी भल्ली दूर होती, भाऊ. तिचा चेंडू येईपर्यंत आपली पोट्टी आरामात घरी येत होती. आधी निंघाली म्हणून फसली."

"मले हे तुमी आजपर्यंत काहून नाई सांगतलं?"

सरांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानंच पाहिलं. "तुमी त रोज मैदानावर असता. मले वाटलं तुमाले खेळ समजते." मग तिसऱ्या बेसचं बिस्कीट उचलून त्यांनी चहात बुडवलं.

मूर्तिजापूर ते अमरावती मी एक शब्द बोललो नाही. बसलोही नाही. सीट रिकामी असून दांडा धरून उभा होतो. चार वर्षं. चार वर्षं मी त्या जाळीपाशी रोज उभा होतो, आणि मला खेळ माहीत नव्हता. मला फक्त माझ्या पोरी दिसत होत्या. पुढे बसलेल्या त्या पोरीजवळ जाऊन काहीतरी बोलावं असं तीनदा वाटलं, आणि तिन्ही वेळा पाय उचलला नाही.

घरी गेल्यावर बायकोनं निकाल विचारला. थोरलीनंच सांगितलं, "हारलो." माझं नाव तिनं घेतलं नाही. बायकोला खरं काय ते मीच सांगितलं, रात्रीची भाकर पुढ्यात आली तेव्हा. तिनं तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "ठरलं ते ठरलं. पन तिच्या चुकीनं बंद झालं असतं त गोष्ट येगळी होती."

पुढचे आठ दिवस थोरली माझ्याशी कामापुरतं बोलली. चहा घ्या. चाबी इथं हाये. सर आले होते. मला असली शांतता झेपत नाही. भांडण चालतं, ताट आदळलेलं चालतं, पण ही अशी सभ्य पोरगी घरात वावरायला लागली की माझं डोकं फिरतं. मी उगाच मोटरसायकल पुसायचो, धाकटीला ओरडायचो, वावरातून लवकर यायचो आणि घरात करमेना म्हणून परत बाहेर पडायचो. शेवटी एक दिवस तिच्या अभ्यासाच्या जागी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "शिव्या दे पाह्यजे त. पन बोल."

तिनं पेन खाली ठेवला. "मी तुमच्यावर रागावली नाई, बाबा."

"मंग?"

"मले मालूम होतं थांबाचं हाये म्हणून. सर बाजूलेच होते, त्याईचा आवाज येऊन राहिला होता. पन तुमचा आवाज आला का मले काई समजतच नाई. पायच निंघून जातात." आणि मग जे ती म्हणाली ते मला आतपर्यंत लागलं. "मी मलेच भेली आहो. पुढं कुठी खेळली अन् तुमी वरडले, त मी पुन्हा पयीन."

मी म्हटलं, मी येणारच नाही पुढच्या वेळी. ती म्हणाली, पुढची वेळ कुठं आहे?

होती. ती मी शोधली, म्हणजे सरांच्या मागे लागून शोधली. शाळेची वाट बंद झाली होती, पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पोरी निवडून राज्य स्पर्धेला एक वेगळा संघ जायचा, त्याची चाचणी संक्रांतीनंतर अकोल्यालाच होती. त्याच मैदानावर. मी बायकोजवळ बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता काही मागितलं. तिनं भाजी निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. "राज्यावर गेली त खेळ, असं म्हटलं होतं मी. कोण्या वाटेनं ते नव्हतं म्हटलं," ती म्हणाली. "पन ही शेवटची. अन् तुमी तोंड बंद ठेवा."

थोरलीचं मात्र वेगळंच चाललं होतं. पुढच्या रविवारी वावरात गेलो तर तिनं खताची एक रिकामी गोणी चौकोनी घडी करून धुऱ्याच्या कडेला ठेवली, उडू नये म्हणून कोपऱ्यांत ढेकळं ठेवली, आणि तिच्यावर पाय देऊन उभी राहिली. धाकटी लांब जाऊन चेंडू उंच फेकणार, स्वतःच झेलणार. आणि मी मचाणावरून ओरडायचं.

"काय वरडू?"

"पय म्हणा. मनात आलं का म्हणा. मी हालाले नाई पाह्यजे."

मी म्हटलं. तिची टाच उचलली. पुन्हा म्हटलं. पुन्हा उचलली. तिनं बुटाभोवती काडीनं रेघ ओढली, म्हणजे किती हलते ते दिसावं. दर वेळी रेघ पुसली जायची, आणि ती दात खाऊन पुन्हा ओढायची. स्वतःच्या पायाचा एवढा राग करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. मग मी आवाज हळू, गोड काढू लागलो, तर तिकडून तीच ओरडली, "असं नाई! खरं वरडा! रोही आल्यासारखं!"

मग मी खरं ओरडलो. रविवारमागून रविवार. हरभरा वीतभर झाला, मग फुलावर आला. शेजारचा म्हातारा कास्तकार एकदा धुऱ्यावर उभा राहून पाहत राहिला. बाप जीव तोडून पय पय ओरडतोय आणि पोरगी गोणीवर पुतळ्यासारखी उभी. "पोट्टी आयकत नाई का हो?" त्यानं मला काळजीनं विचारलं. मी म्हटलं, तेच शिकवून राहिलो. तो मान हलवत निघून गेला.

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी मी ओरडलो आणि रेघ पुसली गेली नाही. पुन्हा ओरडलो. नाही. धाकटीनं चेंडू फेकला, मी ओरडलो, चेंडू वर होता तोवर थोरली जागची हलली नाही, झेल झाला आणि मग ती सुटली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. दोघी बहिणी हरभऱ्यात नाचल्या. मी वरून टाळ्या वाजवल्या, आणि मग मचाणावर खाली बसलो. मला रडू आलं. पोरीला जमलं म्हणून आलं, हे खरं. पण मी इतक्या वर्षांत तिला जी एक गोष्ट पक्की शिकवली होती ती मीच माझ्या तोंडानं पुसून टाकली होती, त्याचंही आलं. दोन्ही खरं आहे. मी डोळे पुसून खाली उतरलो आणि धाकटीला कारण नसताना म्हटलं, तुडवू नका इतकं.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी थोरलीला म्हटलं, मी येत नाही, सर आहेत. ती बूट पुसत होती.

"या ना. जाळीपाशीच उभे राहा. तुमी नसले त मले कसं समजंल, जमलं का नाई ते?"

म्हणून गेलो. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक दातांत धरलं आणि ठरवलं, आज दात तुटले तरी चालतील. चाचणीत सगळ्या जिल्ह्यांच्या पोरी मिसळून दोन संघ केले होते. वहीत लिहून घेणारे तीन लोक खुर्च्यांवर होते. मी त्यांच्या तोंडांकडे पाहत होतो, मग पोरीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. पहिल्यांदा ती सरळ झेल देऊन आउट झाली. मी जाळीच्या चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या वेळी बेस मिळाला, आणि पुढच्या दोघींच्या फटक्यांवर ती पोचली तिसऱ्यावर. तीच जागा. बाजूला या वेळी आमचे सर नव्हते, कोणीतरी अनोळखी होता.

चेंडू उंच गेला. लांब डावीकडे.

मला आता खेळ माहीत होता. थांबायचं असतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. चहाच्या टपरीवर, बाकड्यावर, बिस्किटं मांडून मी ते चार जणांना समजावून दिलं होतं. आणि तरी दुपट्टा तोंडातून कधी सुटला ते मला कळलं नाही.

"पय!"

सतरंजीवरचे सगळे लोक वळले. खुर्चीवरच्या एकानं वहीतून मान वर केली. माझा हात तोंडावर गेला, पण शब्द गेला होता. मी पोरीकडे पाहिलं. ती बेसवर पाय रोवून उभी होती, तोंड चेंडूकडे. मान वळवली नाही, टाच उचलली नाही. माझा आवाज तिला ऐकू आला नसेल असं होणारच नव्हतं. तिकडे झेल झाला, आणि तेव्हा ती निघाली. चेंडू मागून आला, ती मुरमात घसरत घरात शिरली, धुरळा उडाला, आणि पंचानं दोन्ही हात पसरले. सुखरूप.

ती उठली, गुडघे झाडले आणि जाळीकडे आली. तिला हसू आवरत नव्हतं.

"वरडलेच ना?"

"निंघून गेलं तोंडातून," मी म्हटलं.

"आयकू आलं मले," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला पळाली.

यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांच्या फोनवर आली. बायकोनं चष्मा लावून ती दोनदा वाचली, वरून खाली आणि खालून वर, मग फोन थोरलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "मंग बारावीच्या क्लासची वेळ बदलून घ्या लागंल." थोरली तिच्या गळ्यातच पडली. मी खोलीबाहेर जाऊन मोटरसायकल पुसली.

या यादीत नसलेल्या त्या पोरीची, विभागाच्या सामन्यात जिनं तो उंच चेंडू मारला होता तिची, मी शेवटी मैदानावर गाठ घेतली. बाळा, त्या दिवशी तुझा फटका बरोबर होता, चूक माझी होती, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मालूम हाये, काका." पोरींना सगळं आधीच माहीत असतं.

स्पर्धेला निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही वावरात होतो. हरभऱ्याचे घाटे भरले होते. थोरलीनं गोणी आणून जागेवर ठेवली, ढेकळं लावली, आणि या वेळी धाकटीला तिच्यावर उभं केलं. "हिलेबी लागंल पुढं," म्हणाली. रेघ तिनं स्वतः ओढून दिली. मग माझ्याकडे पाहून हात वर केला.

मी मचाणावरून ओरडलो. धाकटी सुटलीच. पाच-सहा पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं. थोरली तिला ओरडली, मला म्हणाली, अजून जोरात. धाकटी परत येऊन उभी राहिली, चेहरा एकदम गंभीर करून. मी छातीत हवा भरली आणि जेवढा आवाज होता तेवढा काढला. तिचा पाय पुन्हा उचलला. थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला. मी वरून म्हटलं, जमंल जमंल, घाई नाई. आणि खरं सांगतो, मला कसलीच घाई नव्हती.